पहिल्या पायरीचा पगार : प्रादेशिक विमान कंपनीतील वैमानिकाचे अर्थकारण

गेल्या वर्षी एका वसतिगृहात मुलांशी बोलत होतो. बारावीच्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, पायलट व्हायला किती पैसे लागतात?" मी ठोकळ आकडा सांगितला. मुले हसली, तोही हसला. पण तो खाली बसला नाही. त्याने दुसरा प्रश्न विचारला, "आणि नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी पगार किती मिळतो?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळेच देतात. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही, कारण वैमानिक म्हटला की पगार भरघोसच असणार, असे आपण गृहीत धरलेले असते. वास्तविक एखादा व्यवसाय कोणासाठी खुला आहे आणि कोणासाठी बंद, याचे उत्तर त्या व्यवसायाच्या शेवटच्या पायरीवरील पगारात सापडत नाही. ते पहिल्या पायरीवरील पगारात सापडते. शिखरावर किती मिळते यापेक्षा शिखरापर्यंत पोचेतो कोण तग धरू शकतो, हा खरा प्रश्न आहे. वकिलीतील उमेदवारीची वर्षे ज्यांनी काढली आहेत, किंवा जे तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवीत आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको.

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. कारण तेथे ही सारी व्यवस्था एका अपघातामुळे चौकशीच्या मेजावर आली आणि तिचे आकडे उघड झाले.

१

अमेरिकेत १९३८ पासून नागरी विमान वाहतुकीचे मार्ग आणि तिकिटाचे दर सरकारी मंडळ ठरवीत असे. १९७८ साली कायदा करून हे नियंत्रण काढून टाकण्यात आले. स्पर्धा सुरू झाली, तिकिटे स्वस्त झाली आणि खर्च कोठे कापायचा हा प्रश्न बड्या कंपन्यांपुढे उभा राहिला. त्यातून एक पद्धत रुळली. लहान शहरांतून मोठ्या विमानतळापर्यंत प्रवासी आणण्याचे काम बड्या कंपनीने स्वतः करायचे नाही. ते एखाद्या छोट्या कंपनीला कंत्राटाने द्यायचे. विमानाच्या शेपटीवर रंग बड्या कंपनीचा, तिकीट बड्या कंपनीचे, वेळापत्रकही तिचेच. पण वैमानिक, हवाई सेविका आणि यंत्रज्ञ मात्र छोट्या कंपनीच्या पगारपत्रकावर.

प्रवाशाला हे कळत नाही. तो बड्या कंपनीच्या नावावर विश्वास ठेवून पैसे भरतो. आपल्याकडे नगरपालिकेच्या गाडीवर नगरपालिकेचे नाव असते आणि गाडीमागे धावणारा सफाई कामगार कंत्राटदाराचा असतो, तशातलाच हा प्रकार.

आता कंत्राटाचे गणित पाहा. छोट्या कंपनीला बडी कंपनी ठरलेल्या उड्डाणामागे ठरलेली रक्कम देते. इंधनाचा खर्च बहुधा बडी कंपनीच उचलते. विमानाचे हप्ते ठरलेले असतात. मग कंत्राट मिळविण्यासाठी छोट्या कंपन्या एकमेकींशी चढाओढ करणार ती कशाच्या बळावर? उरतो तो माणसांवरचा खर्च. दर काही वर्षांनी कंत्राटाची मुदत संपते आणि ज्या कंपनीचे कामगार अधिक स्वस्त, तिच्याकडे ते जाण्याचा धोका उभा राहतो. कामगारांनी पगारवाढ मागितली तर "कंत्राट जाईल" हे उत्तर तयार असते. आणि ते उत्तर सर्वस्वी खोटे नसते, हेच या व्यवस्थेचे कौशल्य आहे.

२०१० च्या आसपास अमेरिकेतील प्रवासी उड्डाणांपैकी निम्म्याच्या आसपास उड्डाणे अशा प्रादेशिक कंपन्या करीत होत्या. तेव्हा ही कडेची गोष्ट नव्हती, मुख्य प्रवाहच होता.

२

पगार ठरतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. वैमानिकाला पगार कामावर हजर असल्याच्या तासांचा मिळत नाही. विमान निघण्यासाठी जागचे हलले की तास सुरू होतो आणि मुक्कामी जाऊन थांबले की तास संपतो. त्याआधीची हवामानाची पाहणी, विमानाची तपासणी, दोन उड्डाणांमधले विमानतळावरचे ताटकळणे, धुक्यामुळे झालेला खोळंबा, यातले बहुतेक सारे त्या तासात धरले जात नाही. बारा-बारा तास गणवेशात राहून पगाराचे तास पाच-सहाच भरावेत, हे नेहमीचेच. घड्याळी तासिकेवर शिकविणाऱ्या प्राध्यापकाला फळ्यासमोरच्या तासाचे पैसे मिळतात. टिपणे काढण्याचे, पेपर तपासण्याचे मिळत नाहीत. तोच हिशेब येथे ढगांच्या वर चालतो.

महिन्याला साधारण ७५ तासांच्या पगाराची हमी असते. २००९ च्या सुमारास नव्या सहवैमानिकाला तासाला वीस ते पंचवीस डॉलर मिळत. बावीस डॉलर धरले तर बावीस गुणिले पंचाहत्तर गुणिले बारा, म्हणजे वर्षाला १९,८०० डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेत संघराज्याचे किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर झाले. त्या दराने आठवड्याला चाळीस तास राबणाऱ्या मजुराचे वर्षाचे १५,०८० डॉलर होतात. आणि चार माणसांच्या कुटुंबासाठी सरकारने त्या वर्षी आखलेली दारिद्र्यरेषा होती २२,०५० डॉलर. याचा अर्थ असा, की बायको आणि दोन मुले असलेला, एकट्याच्या कमाईवर घर चालविणारा नवा सहवैमानिक पन्नास-साठ प्रवाशांचा जीव हाती घेऊन उडत होता आणि सरकारच्या लेखी दरिद्री होता. शिवाय शिक्षणासाठी काढलेले कर्ज होतेच.

मग तो ही नोकरी सोडून जरा बऱ्या कंपनीत का जात नाही? येथे ज्येष्ठता यादी आडवी येते. अमेरिकन विमान कंपन्यांत पगार, विमानाचा प्रकार, कप्तानपद, रजा, मुक्कामाचे शहर, सारे काही यादीतील क्रमांकावर ठरते. यादी त्या त्या कंपनीची असते. कंपनी बदलली की क्रमांक पुन्हा शेवटचा, मग गाठीशी दहा वर्षांचा अनुभव का असेना. त्यामुळे माणूस एका यादीला जखडला जातो. प्रादेशिक कंपनीतून बड्या कंपनीत जाण्याची आशा असते म्हणून तो कळ सोसतो. आशा हाच त्याच्या पगाराचा न दिलेला भाग असतो.

यादीच्या तळाशी असलेल्याला ठरलेली उड्डाणे मिळत नाहीत. त्याला राखीव म्हणून ठेवतात. बोलावणे येईल तेव्हा हजर व्हायचे. मुंबईच्या गिरणीच्या फाटकावर पहाटे उभा राहणारा बदली कामगार आपल्या वाचकांपैकी काहींच्या घरात होऊन गेला असेल. फरक इतकाच की बदलीला काम मिळाले नाही तर पैसेही मिळत नसत, राखीव वैमानिकाला निदान महिन्याच्या हमीचे मिळतात. पण आयुष्य दुसऱ्याच्या बोलावण्याला बांधलेले असते, ते दोघांचेही.

आणि राहायचे कोठे? नेमणूक न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरालगत होते. या पगारात तेथे घर परवडत नाही. म्हणून घर आईबापांच्या गावी ठेवायचे, नोकरीसाठी रिकाम्या आसनावर बसून देश ओलांडून यायचे आणि विमानतळाजवळ सात-आठ जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत अंग टाकायचे. एकाने उठायचे, दुसऱ्याने त्या जागी निजायचे. गिरणगावच्या गाळ्यांत पाळीपाळीने झोपणारी माणसे आणि हे वैमानिक यांच्यात समुद्रांचे अंतर आहे, पण अंथरुणाचा हिशेब एकच आहे.

३

२००९ च्या १५ जानेवारीला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत कप्तान सलेनबर्गर यांनी दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान उतरविले आणि १५५ माणसे वाचली. साऱ्या जगाने कौतुक केले. पुढच्याच महिन्यात ते अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे गेले, तेव्हा त्यांनी आपल्या शौर्याची कथा सांगण्यात वेळ दवडला नाही. आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे, निवृत्तिवेतन गेले आहे आणि चांगली माणसे या व्यवसायात येईनाशी झाली आहेत, हे त्यांनी सांगितले.

या दोन तारखांच्या मध्ये, १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री, नेवार्कहून बफेलोला निघालेले कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान बफेलोजवळच्या क्लॅरेन्स सेंटर येथे एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील १ अशी ५० माणसे मेली. विमानावर रंग कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीचा होता.

चौकशीत तांत्रिक कारण स्पष्ट झाले. विमानाचा वेग घटला, धोक्याचा इशारा देणारा दांडा थरथरला आणि कप्तानाने करायला हवे त्याच्या उलट केले. विमानाचे नाक खाली करण्याऐवजी त्याने दांडा मागे ओढला. ही चूक वैमानिकाची होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण चौकशी तेवढ्यावर थांबली नाही. चोवीस वर्षांची सहवैमानिक आईवडिलांकडे सिॲटलजवळ राहत होती. नेमणूक होती नेवार्कला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून मेम्फिसमार्गे ती सकाळी नेवार्कला पोचली आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत जमेल तशी विश्रांती घेऊन रात्री उड्डाणाला निघाली. तिच्या पगाराचे सोळा हजारांपासून चोवीस हजार डॉलरांपर्यंतचे वेगवेगळे आकडे पुढे आले. मधल्या काळात तिने कॉफीच्या दुकानातही काम केले होते. दोघाही वैमानिकांच्या कामावर थकव्याचा परिणाम झालेला असावा, पण तो नेमका किती हे ठरविता येत नाही, असे चौकशी मंडळाने नमूद केले.

म्हणजे कमी पगारामुळे विमान पडले, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. मांडूही नये. परंतु कमी पगार माणसाला कोठे राहायला लावतो, किती झोपू देतो, आजारी असताना "मी आज येत नाही" असे म्हणण्याची हिंमत त्याच्यात ठेवतो की नाही, हे प्रश्न त्या रात्रीनंतर कोणाला टाळता आले नाहीत.

मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१० साली कायदा झाला. २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आणि वरच्या दर्जाचा परवाना आवश्यक झाला. पूर्वी २५० तासांच्या परवान्यावर भागत असे. लष्करातून आलेल्यांना ७५० तास आणि विमानविद्येची पदवी घेतलेल्यांना १,००० तास अशी सवलत ठेवण्यात आली. जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमानांच्या वैमानिकांना कामाआधी दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी देणे बंधनकारक झाले. मालवाहू कंपन्यांना यातून वगळले गेले, हेही ध्यानात ठेवावे.

पगाराबद्दल मात्र कायद्यात काही नव्हते. तरीही पगार वाढला, आणि तो का वाढला हे चळवळीच्या माणसाने नीट पाहिले पाहिजे. नव्या अटीमुळे लायक वैमानिकांची संख्या आखडली. करोनाच्या साथीत बड्या कंपन्यांनी ज्येष्ठांना लवकर निवृत्त केले. प्रवासी परत आले तेव्हा उडवायला माणसे नव्हती. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलरांच्या घरात नेला. तेरा वर्षांत चौपट! "एवढा पगार परवडत नाही" असे ज्या व्यवस्थेने वर्षानुवर्षे सांगितले, तिलाच तो एका उन्हाळ्यात परवडला. "उडण्याची आवड आहे ना, मग पैशाचे काय?" हा युक्तिवादही त्याच उन्हाळ्यात विरून गेला. ज्या कंपन्यांना ते जमले नाही त्यांनी लहान गावांची उड्डाणे कमी केली. २०१८ सालीच ग्रेट लेक्स ही छोटी कंपनी वैमानिकांच्या तुटवड्याचे कारण सांगून बंद पडली होती.

४

पगार वाढला म्हणजे दार उघडले काय? येथे अमेरिकेतील काळ्या माणसाचा इतिहास आठवला पाहिजे. बेसी कोलमन या काळ्या स्त्रीला अमेरिकेत कोणी विमान शिकवीना. ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ साली परवाना घेऊन आली. मार्लन ग्रीन हवाई दलातील अनुभवी वैमानिक. कॉन्टिनेन्टल कंपनीने वर्णामुळे नोकरी नाकारली म्हणून तो लढला. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ साली तो त्याच कंपनीत रुजू झाला. दरम्यान १९६४ साली डेव्हिड हॅरिस हा काळा वैमानिक अमेरिकन एअरलाइन्समध्ये लागला होता.

कायद्याचे दार उघडून साठ वर्षे झाली. तरी अलीकडच्या सरकारी गणनेत अमेरिकन वैमानिकांमध्ये काळी माणसे शंभरात पाचही भरत नाहीत. लोकसंख्येत ती शंभरात तेराच्या आसपास आहेत. "अर्ज करू नका" असे आज त्यांना कोणी म्हणत नाही. तसे म्हणण्याची गरजच उरलेली नाही. शिक्षणाला लाखाच्या घरात डॉलर, मग १,५०० तास भरेपर्यंत उड्डाण प्रशिक्षक म्हणून तुटपुंज्या कमाईची एक-दोन वर्षे आणि कालपर्यंत त्यानंतर पुन्हा प्रादेशिक कंपनीतील अर्धपोटी वर्षे. हा सारा काळ ज्याचा बाप पोसू शकतो तो टिकतो. ज्याला स्वतःच घरी पैसे पाठवायचे असतात तो गळतो. गळणाऱ्याची कोठे नोंद होत नाही. गुणवत्तेच्या यादीत फक्त टिकलेल्यांची नावे येतात.

आणखी एक गोष्ट. बड्या कंपन्यांतील वैमानिकांच्या संघटना बलवान आहेत. आपले काम कंत्राटात जाऊ नये म्हणून त्यांनी करारात मर्यादा घालून घेतल्या: बहुधा ७६ आसनांपर्यंतचेच विमान बाहेर द्यायचे. मोठी विमाने राखली गेली, लहान विमाने आणि त्यांतली माणसे कंत्राटाला सोडली गेली. गणवेश तोच, परवाना तोच, आकाश तेच. पण यादी निराळी. तळचा वैमानिक वरच्याविरुद्ध उभा राहत नाही, कारण उद्या त्याला वरच्यासारखे व्हायचे असते. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द बाबासाहेबांनी आपल्या समाजव्यवस्थेचे वर्णन करण्यासाठी वापरला. जात आणि ज्येष्ठता यादी या एकच गोष्टी नव्हेत. यादीत माणूस वर चढतो, जातीत चढत नाही. पण प्रत्येकाच्या खाली कोणीतरी ठेवले की अन्यायाविरुद्धची एकजूट कशी फुटते, हे समजण्यासाठी तो शब्द येथेही उपयोगी पडतो.

५

आता वसतिगृहातल्या त्या मुलाकडे वळू. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. रायबरेलीजवळ फुरसतगंजला १९८५ साली स्थापन झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही सरकारी संस्था आहे आणि तेथे आरक्षण आहे. पण शुल्क चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जाते. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी आणि बारामती येथे खाजगी प्रशिक्षण चालते. परवान्यानंतर विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग घ्यावे लागते. त्याचे लाखो रुपये पुष्कळदा उमेदवाराच्याच खिशातून जातात. कंपन्यांच्या स्वतःच्या योजनेतून गेले तर एकूण खर्च कोटीच्या घरात पोचतो. आणि परवाना हाती असूनही काही वर्षे नोकरीची वाट पाहणारी मुले आपल्या देशात आहेत.

२०१७ पासून 'उडान' योजनेखाली लहान शहरांची विमाने सुरू झाली. नांदेड, जळगाव, कोल्हापूर ही नावे हवाई नकाशावर आली. चांगली गोष्ट आहे. पण यातले काही मार्ग सुरू झाले आणि बंदही पडले. प्रादेशिक कंपनीचे आयुष्य अनुदानावर आणि कंत्राटावर असते. ती बुडाली की सर्वांत आधी बुडतो तो कर्ज काढून आलेला नवा सहवैमानिक.

म्हणून मुलाला "जाऊ नकोस" म्हणायचे काय? मुळीच नाही. आकाश ही कोणाची वतनदारी नव्हे. पण डोळे उघडे ठेवून जा, असे सांगितले पाहिजे. सही करण्यापूर्वी पाच गोष्टी लेखी विचाराव्यात. पगार हजेरीच्या तासांवर की उड्डाणाच्या? महिन्याला किती तासांची हमी? टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा? किती वर्षांचा करारनामा आणि तो मोडल्यास दंड किती? कंपनी बंद पडल्यास कर्जाचे काय? शारीरिक तपासणी मात्र पैसे भरण्याआधीच, अगदी पहिल्यांदा करून घ्यावी. डोळ्यांत किंवा कानांत उणीव निघाली तर लाखो रुपये वाचतात.

आणि शिष्यवृत्तीच्या मागणीचे स्वरूप आपणही बदलले पाहिजे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात नोंदलेला आहे. हे आपल्या किती शाळा-महाविद्यालयांत ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तो नियम प्रत्यक्षात किती मुलांपर्यंत पोचला, हे समाजकल्याण खात्याला विचारावे. परंतु केवळ शुल्क भरून भागत नाही. परवाना आणि पहिला पुरेसा पगार यांच्या मधला जो कोरडा पट्टा आहे, तेथेच आपली मुले कोसळतात. टाइप रेटिंगचा खर्च आणि नोकरी लागेपर्यंतचा निर्वाह हे दोन्ही मागणीत आले पाहिजेत. वकिलीला, संशोधनाला, पत्रकारितेला हेच लागू आहे.

त्या मुलाला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. हा लेख ते उत्तर आहे. त्याने गणित आणि भौतिकशास्त्र सोडलेले नाही, असे परवा कळले. पुढच्या महिन्यात त्याच वसतिगृहात जाणार आहे, तेव्हा शिष्यवृत्तीचे नियम आणि शारीरिक तपासणीची माहिती बरोबर नेणार आहे.